शॉवरले दोन माणसं लागतात

...सोपं काम! सोपं काम म्हणते पोरगा मले! "बाबा, दहा मिनिटाचं काम हाय, तोंड खोलायचं, धुवायचं, परत बसवायचं, झालं!" अरे झालं काय झालं? तुमाले सांगतो, बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरी केली म्या, दिग्रस-पुसद, दिग्रस-यवतमाळ, पन्नासच्या गाडीत नव्वद माणूस कोंबला, बकरी घेऊन चढलेल्या बाईसंग पुसदपर्यंत भांडत गेलो, बकरी माह्याच बुटाची लेस खात होती, तरी तोंडातून शिवी काढली नाही. पण या शॉवरनं? शॉवरनं मले चार दिवसांत असं काही बोलायले लावलं का शेजारच्या शकुबाईनं खिडकी लावून घेतली! न्हाणीतला शॉवर वो, दुसरं काही नाही. एक गोल तोंड, त्याले भोकं. अन् याच्यापाई फोन बुडाला, पोरगा धावत आला, अन्... थांबा थांबा, तिकिटाआधी गाडी सोडू नये. पयले मले हे सांगा, तुमच्यापैकी कोणी एकट्यानं शॉवर खोलला हाय काय? नाही ना? खोलूच नका. ते एकट्याचं कामच नाही. एक माणूस वर पाह्यजे, एक माणूस खाली पाह्यजे!

आता दिग्रसमंधी, माह्यासारख्या बादलीच्या माणसाच्या घरी, हा शॉवर आला कसा? तं आमचा संघदीप, माहा एकुलता एक, नागपूरले कंपनीत इंजिनिअर हाय, बायको-पोरगी घेऊन तिकडंच राह्यते. सात वर्षांपयले सुट्टी काढून आला अन् न्हाणी नवी करून देल्ली. टाईल काय, आरसा काय, अन् वर हा शॉवर, जेवायच्या ताटाएवढा! आईले म्हणते, "आई, आता बादली विसर, याच्या खाली फक्त उभं राह्यचं." नलू, म्हणजे माही बायको, राह्यली बिचारी उभी. एक डाव, फक्त एकदा. बाहेर आली तं कानामागं साबण तसाच, अन् म्हणते, "नोको बापा! याच्यात आपण आंघोळ करत नाही, तोच आपल्याले करून देते. साबण लावाव तं पाणी थांबत नाही, अन् पाणी थांबवाव तं साबण सापडत नाही." दुसऱ्या दिवसापासून परत बादली अन् गिलास. अन् शॉवरच्या दांडीले तिनं माही ओली बनियन टांगली. पाच वर्षं तो शॉवर खुंटी म्हणून होता आमच्या घरी, अन् खुंटी म्हणून लय चांगला होता, खोटं कायले सांगू?

नलू जाऊन दोन वर्षं झाले मार्चमंधी. मी अजून बी सकाळी उठलो का मोठ्यानं विचारतो, "चहा झाला काय?" अन् मंग मीच उठतो, मीच मांडतो, अन् मीच म्हणतो साखर कमी झाली. बत्तीस वर्षं रोज चारशे माणसांसंग बोललेला माणूस हाय मी! "मागं सरका, पुढं चला, सुट्टे काढा, ओ ताई पोरगं कितीचं, असं कसं पाच वर्षांचं, मिशा फुटून राह्यल्या त्याले!" दिवसभर तोंड चालू. अन् आता दिवसभरात बोलाव तं कोणासंग? दूधवाल्यासंग? तो थैली टाकते अन् गाडीवरच निघून जाते, थांबत बी नाही. गमत नाही वो. मले एकट्याले घरात निरा गमत नाही, घर खायले उठते.

संघदीप फोन करते ना, नाही म्हणत नाही मी, दर रविवारी करते. "जेवले काय? गोळी घेतली काय? उन्हात जाऊ नका. ठेवतो." चाळीस सेकंद! कंडक्टर माणूस हाय, घड्याळावर नजर राह्यतेच, थांब्यावर गाडी थांबते तेवढा बी टाईम नाही. अन् येतात तं दोन-तीन महिन्यांतून एक डाव, सकाळी अकराले आले का दुपारी चारले गाडीचं तोंड नागपूरकडं. काहून? तं माही नात, अर्पिता, नऊ वर्षांची हाय, तिले बादलीची आंघोळ जमत नाही. म्हणते, "आबाजी, बादलीनं पाणी डोळ्यात जाते." अन् शॉवर? तोही पाह्यला तिनं चालू करून. "आबाजी, तुमच्या शॉवरले तीनच धारा येतात, अन् त्याच्यातली एक भिंतीवर जाते!" आता बोअरचं पाणी हाय आमचं, खारं, चहाच्या भांड्याले पांढरी पापडी धरते तिथं शॉवरची काय कथा? निरा बुजून गेला. अन् आंघोळ नाही म्हणजे मुक्काम नाही. सरळ हिशोब हाय तिचा.

पण यंदा, तुमाले सांगतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत संघदीप म्हणते, "बाबा, शॉवर चालू करून घ्या, म्या सोमवार-मंगळवारची सुट्टी टाकली हाय, शनिवारी येतो अन् चार दिवस राह्यतो." चार दिवस! फोन ठेवल्यावर मी गहू निवडायले बसलो, अन् एक घंटा बसलो, मंग ध्यानात आलं का ते निवडलेलेच होते. चार दिवस ती पोरगी माह्या घरात नाचन, टीव्हीसाठी भांडन, "आबाजी गोष्ट सांगा" म्हणन. मले दुसरं काही नोको होतं बापा. फक्त शनिवारच्या पयले शॉवरमधून पाणी पडलं पाह्यजे.

सोमवारी सकाळीच देवसिंगले फोन लावला. देवसिंग आमचा प्लंबर, माणूस देवमाणूस, पण देवासारखाच, बोलावला का दिसत नाही. म्हणते, "काका, निघालोच! चप्पल घालून राह्यलो." चप्पल घालायले सायंकाळ झाली. सायंकाळी फोन केला तं म्हणते, "काका, नाक्यावर हाय, आलोच." मंगळवारी सकाळी म्हणते, "काका, काय फिकर करता, तुमच्याच गल्लीत हाय ना मी!" म्हणलं, देवसिंग, मीच गल्लीत उभा हाय बापा, मले एका कुत्र्याशिवाय कोणी दिसत नाही. तं म्हणते कसा, "मंग बाजूच्या गल्लीत असन, काका!" आता याले काय म्हणाव? फोन ठेवला, लुंगी वर खोसली, पान्हा काढला, पकड काढली, अन् स्वतःलेच म्हणलं, देवराव, गाडी आपल्यालेच न्यावी लागते.

इथं एक गोष्ट समजून घ्या. भिंतीतला शॉवरचा कॉक खारानं जाम, फिरतच नाही. उघडा तो उघडाच. त्या शॉवरची लाईन बंद कराची तं गच्चीवर, टाकीपाशी जो वॉल हाय तो बंद कराचा. नलू होती तेव्हा कसं होतं? मी गच्चीवर, ती न्हाणीत. मी वरून ओरडाव, "आलं का पाणी?" तिनं खालून ओरडाव, "आलं!" नाहीतं "थेंब बी नाही!" नाहीतं "तुम्ही भलताच वॉल फिरवला, सैंपाकघरात पूर आला!" बस, काम झालं. एक माणूस वर पाह्यजे, एक माणूस खाली पाह्यजे! आता एकटा माणूस काय करन? वर जा, वॉल बंद कर, खाली ये, पाह्य, अजून टपकून राह्यलं, परत वर जा. बावीस पायऱ्या हायत. गुडघ्यानं मोजल्या म्या.

बरं, स्टूल ठेवलं, चढलो, पान्हा लावला, फिरवतो... फिरवतो... हलते तं हाय, पण निघत नाही. अर्धा घंटा! घामानं न्हाऊन निघालो, तिथल्या तिथं आंघोळच झाली माही. मंग डोक्यात उजेड पडला का खालून वर पाह्यलं म्हणजे डावं-उजवं सारं उलटं होते. म्हणजे अर्धा घंटा मी शॉवर खोलून नाही राह्यलो, आवळून राह्यलो! आता मीच आवळलेला मलेच निघन कसा? लटकलो त्याले. लटकलो वो, पान्ह्याले, वटवाघळावानी. स्टूल डुगडुगून राह्यलं, धरायले कोणी नाही, मी स्वतःलेच सांगून राह्यलो, "देवराव, सांभाळ, देवराव, पडशीन." अन् कट्ट् आवाज झाला, शॉवर हातात, अन् पाइपात जेवढं गंजलेलं पाणी साचलं होतं तेवढं माह्या तोंडावर. संग एक मेलेला कोळी. म्हणजे चौथी धार त्यानं अडवली होती.

आता धुवायचा कसा? शकुबाई अंगणाच्या भिंतीवरून डोकावली. तिचं अर्धं आयुष्य आमच्या भिंतीवर गेलं. "काय करून राह्यले देवरावभाऊ?" म्हणलं, शॉवर हाय, खार बसला. "अवो त्याले काय लागते? पितळेच्या गुंडाले लावतो तशी चिंच लावा! रातभर बुडवून ठेवा, सकाळी पाह्य जा सोन्यावानी!" बाईमाणसानं इतक्या खात्रीनं सांगितलं तं कोण नाही म्हणन? पावभर चिंच घेतली, मोठ्या गंजात, पातेल्यात म्हणा ना, कालवली, शॉवर त्याच्यात बुडवला अन् झाकण ठेवून झोपलो. सकाळी काढला तं खरंच वो! काय चमकून राह्यला होता! माहं तोंड दिसत होतं त्याच्यात. पण उजेडाकडं धरून पाह्यला तं एका भोकातून उजेड येत नाही. आधी तीन भोकं तं चालू होते! झालं काय होतं, चिंच गाळून नव्हती घेतली म्या. दीडशे भोकं, अन् हरेक भोकात चिंचेचा एक-एक धागा जाऊन बसला. शकुबाईले दाखवला तं म्हणते, "माय वं! गाळून नाही घेतली? भाजीले घेता तं गाळूनच घेता ना!" मले काय मालूम वो? चिंच कालवायचं काम माहं होतं काय कधी? चिंच कालवणारी निघून गेली अन् गंज तेवढा ठेवून गेली.

मंग भोकं मोकळे कराले सुई पाह्यजे. सुई कुठं? तं नलूचा डबा हाय, बिस्किटाचा, लोखंडी पेटीत ठेवला होता, दोन वर्षांत उघडला नव्हता म्या. उघडला. बटनं, हुक, माप घ्यायची पट्टी, अन् एक सुई, तिच्यात खाकी दोरा ओवलेला, दोऱ्याच्या टोकाले गाठ बी मारलेली. माह्या वर्दीच्या शर्टाचा दोरा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तो शर्ट मी घरात घालत होतो, त्याचं बटन निघालं होतं, अन् ती म्हणली होती, "लावून देतो, थांबा जरा." तो दोरा काढल्याशिवाय सुई भोकात जात नव्हती. नाही काढला म्या. डबा लावला, पेटीत ठेवला, अन् शकुबाईच्या घरी गेलो सुई मागायले. ती म्हणते, "अवो नलूच्या एवढ्या डबाभर सुया होत्या ना?" म्हणलं, सापडत नाही. अन् बैठकीत येऊन खुर्चीवर बसलो अन् दीडशे भोकं एक-एक करून टोचले. काय सांगू तुमाले, डोळे भरून येत होते अन् भोक दिसत नव्हतं.

अन् बुधवारी सायंकाळी संघदीपचा फोन! बुधवारी! रविवार नाही काही नाही! "बाबा, शॉवरचं काय झालं?" म्हणलं, टोचून राह्यलो. "टोचून? दाखवा बरं, व्हिडिओ लावा." लावला. शॉवर कॅमेऱ्यापुढं धरला. त्यानं तोंड स्क्रीनजवळ आणलं अन् म्हणते, "बाबा... ही चिंच हाय काय?" अन् जे हसला पोरगा, जे हसला! त्याच्या मायसारखाच हसते, नाकातून फुस्स करून सुरू होते अन् मंग थांबतच नाही. ममताले बोलावलं, ममता म्हणजे सूनबाई, "ये वं, पाह्य, बाबानं शॉवरची चटणी केली!" अर्पिता आली, तिले बी दाखवलं. म्हणलं, हसा लेकहो, हसा. मंग संघदीप म्हणते, "बाबा, व्हिनेगरमंधी ठेवा घंटाभर, आतला खार बी निघन." व्हिनेगर आमच्या घरी कुठं? तं बसस्टँडजवळ चायनीजची गाडी लागते, तिथं गेलो, म्हणलं, बापू, एक वाटी व्हिनेगर दे. तो म्हणते, "काका, नूडल्स घ्या ना, वरून टाकून देतो." म्हणलं, नूडल्सवर नोको, शॉवरवर टाकायचं हाय. तो पोट्टा माह्या तोंडाकडं पाह्यतच राह्यला, पण देल्लं. सारं घर मंचुरियनवानी वास मारून राह्यलं होतं. पण खार निघाला हो, पापडीसारखा सुटून आला! अन् त्या फोनचा टाईम म्या पाह्यला. सत्तेचाळीस मिनिटं. चाळीस सेकंदांचा माणूस सत्तेचाळीस मिनिटं बोलला, अन् ते बी ठेवतो म्हणलाच नाही, बॅटरी संपली तेव्हा थांबला.

अर्पितासंग तं त्याच फोनवर माहं ठरून बी गेलं होतं. कॉक जाम हाय म्हणजे कोणी न्हाणीत असलं तं कोणीतरी गच्चीवर पाह्यजेच ना, वॉल फिरवायले? म्हणलं, बेटा, आपण एसटीच्या घंटीसारखं करू. तू खालून गिलासानं पाइपावर वाजव. दोन टोले म्हणजे चालू, एक टोला म्हणजे बंद. ती म्हणते, "आबाजी, तुम्ही उन्हात बसान?" म्हणलं, छत्री घेऊन बसतो! लय खुश झाली पोरगी. अन् मी तिच्याहून खुश, खरं सांगतो. चार दिवस रोज गच्चीवर बसाले तयार होतो मी. एक माणूस वर पाह्यजे, एक माणूस खाली पाह्यजे, अन् यंदा खाली माणूस येणार होता.

मंग उजाडला गुरुवार. दुपारी एकले संघदीपची जेवायची सुट्टी, तेव्हा व्हिडिओवर आला. "हं बाबा, पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळा. उलटी नका गुंडाळू. वायसर ठेवला काय? हातानं फिरवा पयले. पान्ह्याखाली कापड धरा, ओरखडा नको." मी स्टुलावर, फोन एका हातात, शॉवर दुसऱ्या हातात, टेप दातात, अन् तिसरा हात देवानं देल्ला नाही. पण बसवला! सरळ, घट्ट, पाहात राहाव असा. आता राह्यलं पाणी सोडून पाह्यचं. संघदीप म्हणते, "बाबा, फोन असा ठेवा का मले शॉवर दिसला पाह्यजे. तुम्ही वर जा, वॉल उघडा, पाणी आलं का मी ओरडून सांगतो." म्हणलं, अरे पण बावीस पायऱ्या वर मले फोनातला आवाज येईन काय? अन् इथं, तुमाले सांगतो, माहं डोकं चाललं. फोन रिकाम्या भांड्यात ठेवला का आवाज घुमते का नाही? घुमते. मंग म्या फोनचं तोंड आभाळाकडं करून, आवाज फुल करून, ठेवला बादलीत. अन् बादली ठेवली शॉवरच्या बरोब्बर खाली, म्हणजे त्याले शॉवर नीट दिसला पाह्यजे. संघदीप बी म्हणते, "वा बाबा, एकदम सेंटरमंधी दिसून राह्यलं!"

तुम्ही हसून राह्यले. तुमाले समजलं. मले नव्हतं समजलं, अन् नागपूरच्या इंजिनिअरले बी नव्हतं समजलं!

गेलो वर. मे महिन्यातली गच्ची, पाय भाजून राह्यले, एका पायावर उभा राहून वॉल उघडला अन् बोंब मारली, "आलं का पाणीऽऽ?" आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येते, तं शकुबाईच आपल्या अंगणातून म्हणते, "आज कुठं वो भाऊ, नळाले अजून दोन दिवस हाय!" म्हणलं, तुले नाही विचारलं बाई. परत ओरडलो, "आलं काऽऽ?" अन् खालून, माह्या घरातून, माह्या न्हाणीतून आवाज आला, "आलं बाबाऽऽ! आलंऽऽ! मस्त आलं!"

मी तिथंच उभा राह्यलो. पाय भाजत होते तरी उभा राह्यलो. दोन वर्षांत माह्या घरातून मले कोणी जबाब देल्ला नव्हता. मी विचारतो अन् घर गप राह्यते, अशी सवय झालती. म्हणून म्या परत विचारलं, उगाच, "खरंच आलं काऽऽ?" तं "आलं, आलं, बाबा बंद करा, आलं, बंद क...बुडुक्..." अन् गप. मले वाटलं, रेंज गेली. आरामात वॉल बंद केला, टाकीचं झाकण नीट लावलं, हळूहळू खाली आलो, अन् न्हाणीत पाह्यतो तं बादली काठोकाठ भरलेली, पाणी असं नितळ, अन् तळाशी फोन, फोनमंधी संघदीपचं तोंड, काहीतरी ओरडून राह्यलेलं. एक घडी दिसलं अन् विझलं.

फोन पुसला, तांदळाच्या डब्यात खुपसला, सारेच खुपसतात म्हणून. वरण-भात खाल्ला. अन् काम फत्ते झाल्याच्या आनंदात पंख्याखाली पडलो तं झोप लागली.

अन् तिकडं नागपूरले काय झालं असन? सत्तरीले टेकलेला बाप, मे महिना, दुपारचा एक, गच्ची, बावीस पायऱ्या, अन् फोन बुडुक् करून बंद. त्यानं पन्नास डाव फोन लावला. बंद. शेजारी कोणाले लावाव तं या गल्लीतल्या एकाही माणसाचा नंबर नाही त्याच्याजवळ. डबा तसाच टेबलावर टाकून, साहेबाले न सांगता, गाडी काढली अन् निघाला. मले झोपेत दरवाजा ठोकल्याचा आवाज आला, सहा वाजले असतीन. मी आतूनच ओरडलो, "कोण? देवसिंग काय? आता कायले आलास बापा, झालं काम!" दरवाजा उघडला तं संघदीप. तोंड पांढरं पडलेलं. सरळ गळ्यात पडला अन् लहान पोरासारखा रडला. मी म्हणलं, "अरे, चप्पल तं काढ." बस, मंग जो भडकला! "चार घंटे! चार घंटे बाबा, मी काय-काय पाह्यलं डोळ्यांपुढं! तुमाले काही झालं असतं म्हणजे?" शकुबाई भिंतीवरून म्हणते, "काही नाही झालं बापा, तुह्या बापाचं घोरणं मले इथपर्यंत ऐकू येत होतं."

त्या सायंकाळी पोरानं शॉवरनं आंघोळ केली. मी वर, तो खाली. दोन टोले वाजले, म्या सोडलं पाणी, अन् तो खाली गाणं म्हणून राह्यला, बेसूर, पयल्यापासून बेसूरच हाय. ओल्या डोक्यानं बाहेर आला अन् म्हणते, "बाबा, नागपूरच्या घरी बी असा शॉवर नाही." झुणका-भाकर केली म्या, तीन भाकरी खाल्ल्या त्यानं. तांदळातून फोन काढला तं चालू बी झाला, एक हिरवी रेघ येते फक्त. शकुबाईचा नंबर घेतला त्यानं, दोन डाव तपासून घेतला.

अन् सकाळी सहाले निघाला. गाडीत बसता-बसता म्हणते, खाली पाहून म्हणते, "बाबा... शनिवारचं नाही जमणार आता. काल अर्ध्यातून पळून आलो, आज बी दांडी. साहेबाचा मॅसेज आला, सोमवार-मंगळवारची सुट्टी यातच धरली त्यायनं. शनिवार-रविवारी बी कामावर बोलावलं. दिवाळीच्या सुट्टीत पाहू." म्हणलं, हो, पाहू ना. म्हणलं, त्यात काय, शॉवर कुठं पळून चालला? गाडी वळणावरून गेली तरी मी तिथंच हात वर करून उभा. मले मालूम हाय वो, त्याची काही चुकी नाही. पण वाईट वाटलं. लय वाईट वाटलं, तुमच्यापासून कायले लपवू? शनिवारी अर्पिता फोनवर म्हणते, "आबाजी, तुम्ही गच्चीवर बसले होते काय?" म्हणलं, नाही बेटा, लय ऊन होतं. जाऊन आलतो तसा एकदा.

मंग रविवार आला. फोन आला. मी घड्याळाकडं पाह्यलं. "जेवले काय? गोळी घेतली काय?" वीस सेकंद. "उन्हात जाऊ नका." तीस. आता ठेवतो म्हणन, म्हणून मी बी कान तयार ठेवला. तं म्हणते, "अन् शॉवर? बराबर हाय ना?"

म्या न्हाणीकडं पाह्यलं. कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही. असा बसवला हाय वो म्या तो शॉवर, देवसिंगच्या बापाले जमणार नाही! अन् तोंडातून निघून गेलं, "नाही रे बापा... गळून राह्यला." "गळते? कुठून? आट्यातून का तोंडातून? दाखवा बरं, व्हिडिओ लावा." अडतीस मिनिटं!

सोमवारी परत त्याचाच फोन, वायसर बदलला काय म्हणून. मंगळवारी अर्पितानंच हट्ट धरला, मले शॉवर पाह्यचा म्हणते. आता रोज सायंकाळी फोन राह्यते. तो तिकडून डोकं लावून राह्यला, इंटरनेटवर पाहून राह्यला, म्हणते, "बाबा, असं गळायचं कारणच समजत नाही मले!" खोटं बोलणं वाईट, मले समजते. बत्तीस वर्षांत एका पशिंजरले खोटं तिकीट देल्लं नाही म्या. पण मले सांगा, नीट चालणाऱ्या शॉवरची चौकशी कराले कोणी फोन करते काय?

बरं, चला, उठतो मी. सातले फोन येते त्याचा. त्याच्या पयले शॉवर थोडासा ढिला करून ठेवा लागते मले.